सुराबाया, सायगाव आणि कुंडल



व्हिएतनामचे नाव निघाले की दिएन बिएन फूचा वेढा, हो चि मिन्ह यांची विरळ दाढी आणि अमेरिकेची बाँबफेकी विमाने एवढे डोळ्यांपुढे उभे राहते. सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्याला हा विषय दुसऱ्या टोकाने उचलणे भाग आहे, आणि ते टोक फारसे अभिमानाचे नाही. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी काँग्रेसने देशभर आग्नेय आशिया दिन पाळला. व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा आणि ते स्वातंत्र्य मोडण्याकरिता हिंदी पलटणी वापरल्या जात असल्याचा निषेध, असा त्या दिवसाचा आशय होता. नेमक्या त्याच दिवशी जावा बेटावरील सुराबाया बंदरात ब्रिटिशांची ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली. तिच्यातील तीन पायदळ पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या, म्हणजे चौथी आणि सहावी. या रेजिमेंटची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलखातून होत असे हे येथे कोणाला सांगायला नको.

तीन दिवसांत सुराबायात लढाई पेटली. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, आणि १० नोव्हेंबरपासून ब्रिटिशांनी त्या शहरावर पुरा हल्ला चढविला. तो दिवस इंडोनेशियात वीरांचा दिवस म्हणून आजही पाळला जातो. डचांना त्यांची वसाहत परत मिळावी म्हणून माण, खटाव, पाटणच्या पोरांनी तेथे रक्त सांडले, आणि तेथील पोरांचेही सांडले.

सायगावात त्याच सुमारास तेच घडत होते. व्हिएतनाममध्ये सोळाव्या अक्षांशाच्या दक्षिणेस जपानी सैन्याची शरणागती घेण्याचे काम ब्रिटिशांकडे आले. त्यासाठी जनरल ग्रेसी २० वी हिंदी डिव्हिजन घेऊन १९४५ च्या सप्टेंबरमध्ये तेथे पोहोचला. हनोईत २ सप्टेंबरला हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केलेली होती आणि सायगावातही लोकांची समिती कारभार पाहत होती. ग्रेसीने ती समिती जुमानली नाही. कैदेतील फ्रेंच सैनिकांना सोडून त्यांच्या हाती शस्त्रे दिली गेली. २३ सप्टेंबरला त्यांनी शहरातील सरकारी इमारती बळकाविल्या, आणि पुढे लोक उठले तेव्हा त्यांना दाबण्यासाठी शरण आलेल्या जपानी सैनिकांनाही कामास लावण्यात आले. नि:शस्त्र करावयाच्या शत्रूच्या हातातली बंदूक तशीच ठेवून ती स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर रोखायची, ही साम्राज्यशाहीची नीती समजून घ्यायला मोठा ग्रंथ वाचण्याची गरज पडू नये. हाच ग्रेसी पुढे १९४८ ते १९५१ या काळात पाकिस्तानी लष्कराचा सरसेनापती होता, हे जाता जाता.

आणि या शरद ऋतूत सातारा जिल्ह्यात काय चालले होते? कुंडलच्या माळावर तुफान सेनेची कवायत चालू होती. नाना पाटलांच्या नावे वॉरंट होते, डोक्यावर बक्षीस होते, आणि ते गावोगाव सभा घेत होते. इंग्रजांच्या कचेरीत खटला नेण्याऐवजी लोक तो प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढे नेत होते. म्हणजे ज्या घरातला एक भाऊ तुफान सेनेला भाकरी पोहोचवीत होता, त्या घरातला दुसरा भाऊ सुराबायात इंग्रजांच्या हुकमाने दुसऱ्यांचे प्रतिसरकार मोडत असणे अगदी शक्य होते. या विरोधाकडे पाहिल्याशिवाय व्हिएतनामवरील फ्रेंच राज्याचा अर्थ येथे कळणार नाही, आणि इंग्रजी राज्याचाही कळणार नाही.

एका भावाला कवायतीकडे आणि दुसऱ्याला पलटणीकडे नेणारी व्यवस्था काही एका दिवसात उभी राहिली नव्हती. तिचा पाया दोन्ही देशांत सारख्याच पद्धतीने घातला गेला. प्रथम गादी रिकामी करायची नाही, तिच्यावर आपला माणूस बसवायचा. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे लहानसे राज्य मिळाले आणि त्यांच्या शेजारी रेसिडेंट म्हणून ग्रँट डफ बसला. महाराजांनी आपले हक्क तहाच्या भाषेत मागायला सुरुवात केली, तेव्हा १८३९ मध्ये त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना काशीला धाडले गेले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. भाऊ अप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. दत्तक नामंजूर झाले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली. कायद्याच्या पुस्तकात ती दाद मिळण्याची सोय नव्हती. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला.

आता हुएच्या राजवाड्याकडे पाहावे. फ्रेंचांनी सायगाव १८५९ मध्ये घेतले, १८६२ च्या तहाने दक्षिणेचे प्रांत गिळले, आणि १८८३-८४ मध्ये उरलेल्या देशाच्या सम्राटाला संरक्षण दिले. संरक्षित सम्राट हाम न्घी हा कोवळा मुलगा १८८५ मध्ये राजवाडा सोडून डोंगरात गेला; तीन वर्षांनी पकडला जाऊन त्याची रवानगी अल्जीरियात झाली. थान्ह थायला १९०७ मध्ये उतरविले, त्याचा मुलगा दुई तान याला १९१६ मध्ये. दोघेही हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर पाठविले गेले. काशी आणि रेयुनियन यांच्यात अंतर पुष्कळ आहे. रेसिडेंटच्या वहीत मात्र दोन्ही नोंदी एकाच रकान्यात बसतात.

दुसरे साम्य नकाशाचे. फ्रेंचांनी एका देशाचे तीन तुकडे केले. दक्षिणेचा कोचिन-चीन ही प्रत्यक्ष वसाहत. मधला अन्नाम आणि उत्तरेचा टाँकिन ही संरक्षित राज्ये. तिन्हींना वेगळे कायदे लावले, आणि व्हिएतनाम हे नावच कागदोपत्री राहू दिले नाही. कृष्णेचे खोरेही असेच चिरलेले होते. सातारा खालसा, पण सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने. एका शेतकऱ्याचे बांधाच्या अलीकडचे शेत इंग्रजांचे आणि पलीकडचे पटवर्धनांचे किंवा पंतप्रतिनिधींचे. ही तुकडेबंदी राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. पण १९४२ नंतर तीच त्यांच्यावर उलटली. कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. भूमिगत कार्यकर्ता हद्द ओलांडून औंधात शिरला की ब्रिटिश पोलिसांची पंचाईत होई. सगळ्याच संस्थानिकांनी असे औदार्य दाखविले असे मात्र नाही. सांगलीच्या तुरुंगात वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी डांबलेले होते. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी तो तुरुंग फोडला, आणि पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे तरुण गोळ्यांना बळी पडले. स्वत: दादांनाही गोळी लागली.

गादी आणि नकाशा हा वरचा भाग झाला. खरा पाया गावात होता.

फ्रेंच गव्हर्नर जनरल पॉल दूमे याने १८९७ ते १९०२ या पाच वर्षांत इंडोचीनचा खजिना स्वावलंबी केला असे फ्रेंच इतिहासकार कौतुकाने लिहितात. स्वावलंबन आले ते मीठ, दारू आणि अफू यांच्या सरकारी मक्तेदारीतून. भातापासून घरोघरी होणारी दारू बेकायदा ठरली. मक्तेदार कंपनीची दारू घेतली पाहिजे असे झाले, आणि गावाने किती खपवावी याचे आकडे वरून येऊ लागले. न पिणाऱ्या गावाचा कारभारी राजद्रोही ठरण्याच्या बेतास आला! मिठाचेही तसेच. मीठ पिकविणाऱ्याने ते सरकारला स्वस्तात घालायचे आणि आपल्या मासळीसाठी महाग विकत घ्यायचे. इंग्रजांचा मिठाचा कर आणि अबकारीचे मक्ते ज्यांनी ऐकले आहेत त्यांना यात परके काही वाटणार नाही. प्रतिसरकारने गावोगाव दारूबंदी का केली, याचे उत्तर निव्वळ नीतीच्या पुस्तकात शोधणारे चुकतात. दारूचा गुत्ता हे सरकारचे उत्पन्न होते आणि गरिबाच्या घरातली गळती होती. दोन्ही एका वेळी बंद होत होती.

जमिनीचा प्रकार थोडा वेगळा. मेकाँगच्या मुखाशी कालवे खणून जी नवी भातजमीन निघाली ती फ्रेंच कंपन्यांना आणि फ्रेंचांना साह्य करणाऱ्या स्थानिक बड्यांना मिळाली. कसणारा कूळ झाला. पिकाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा खंडात आणि उरलेला व्याजात. आणि येथे हिंदी माणूस पुन्हा भेटतो. सायगावात कर्ज देणारे चेट्टियार सावकार तमिळ मुलखातले होते, आणि फ्रेंच राज्याच्या पोलिसांत व कचेऱ्यांत पाँडिचेरीहून गेलेले हिंदी लोक होते. फ्रेंच राज्याचा जाच व्हिएतनामी कुळाला ज्यांच्या तोंडून कळला त्यांत गोऱ्यांबरोबर काळेही होते. येथे साताऱ्यात रयतवारी होती, मोठा जमीनदार थोडा. पण धारा रोखीत भरायचा असल्यामुळे रयत सावकाराच्या दारी गेली. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू केला त्यांत सातारा होता. कायद्याने दस्त जाळण्याची कारणे गेली नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात सत्यशोधकांच्या प्रेरणेने या जिल्ह्यातली कुळे उठली, तीही त्याच कारणांनी. नाना पाटील सत्यशोधकांच्या तालमीत तयार झालेले आणि स्वत: तलाठी राहिलेले, सातबाराच्या उताऱ्यातून माणूस कसा बेदखल होतो हे त्यांनी आतून पाहिले होते. प्रतिसरकारच्या बांधणीत तलाठ्याच्या या ज्ञानाला जेवढे श्रेय द्यायला हवे तेवढे दिले गेलेले नाही.

पोट भरेना तेव्हा माणसे निघाली. टाँकिनचा गरीब दक्षिणेत मिशेलॅँसारख्या कंपन्यांच्या रबराच्या मळ्यांवर गेला. पहिल्या महायुद्धात जवळजवळ एक लाख व्हिएतनामी सैनिक आणि मजूर म्हणून फ्रान्सला नेले गेले. साताऱ्याचा माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत आणि पलटणीत गेला. १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपाशी राहून शरण गेलेल्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. शौर्याला नमस्कार असो. पण माण-खटावच्या खडकाळ रानात पीक आले असते तर हे शौर्य कोणाच्या कामी आले असते, हा प्रश्न सरकारी गौरवग्रंथात येत नाही. सुराबायाला उतरलेला जवान काही साम्राज्याच्या प्रेमाने उतरला नव्हता. त्याच्या मनीऑर्डरीवर घरचा धारा भरला जात होता.

१९३० हे साल दोन्ही मुलखांत जंगी गेले. शिराळा तालुक्यातल्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातला साग तोडून लोकांनी त्याच्यावर झेंडा लावला आणि तो उतरू नये म्हणून बायका पुढे आल्या. त्याच वर्षी उत्तर-मध्य व्हिएतनाममधील नगे आन आणि हा तिन्ह या दोन प्रांतांत शेतकऱ्यांनी कर नाकारले, करवसुलीच्या वह्या जाळल्या आणि काही तालुक्यांत आपल्या गावसमित्या बसविल्या. १२ सप्टेंबरला विन्ह शहराकडे निघालेल्या मोर्चावर फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. दोनशेवर माणसे मेली. बिळाशीत विमाने आली नाहीत हे खरे. इंग्रजांचे राज्य सौम्य होते असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी १९४२ चे वडूज आठवावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी गेलेल्या नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. हातातला झेंडा न सोडता परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासह अनेक जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे गेले.

मोर्चे संपले तेथून प्रतिसरकार सुरू झाले. कचेरीवर झेंडा लावता येत नाही, तर कचेरीच निरुपयोगी करून टाकावी, हा विचार त्यामागे होता. १९४३ पासून १९४६ पर्यंत तो चालला. गावाने निवडलेली मंडळे तंटे मिटवीत; दरोडेखोर, खंडणीखोर आणि पोलिसांचे खबरे यांना शिक्षा होई; गांधीविवाह लागत, त्यांत हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही. पैशासाठी सरकारी खजिना होता. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ गाडी अडवून आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा खजिना मारून तो आणला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कॅप्टन रामभाऊ लाड, किसन वीर अशी किती नावे घ्यावीत! अच्युतराव पटवर्धनांसारखे समाजवादी नेतेही भूमिगत राहून येथे मार्गदर्शन करीत होते. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. साताऱ्याने तो आदराने ऐकला आणि मानला नाही.

टाँकिनमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. जपान्यांनी आणि त्यांच्या आश्रयाने राज्य चालविणाऱ्या फ्रेंचांनी भात सक्तीने उचलले होते. भाताच्या जागी तागाची लागवड करविली होती. किती लाख मेले याबद्दल मतभेद आहेत. व्हिएतनामी अंदाज वीस लाखांपर्यंत जातो. बंगालने हे १९४३ मध्येच भोगले होते. व्हिएत मिन्हच्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना घेऊन धान्याची कोठारे फोडली, आणि ज्याने कोठार फोडून ओंजळभर भात दिला त्याची समिती हेच गावाचे सरकार झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये सम्राट बाओ दाई याने राज्यत्याग केला तेव्हा खालच्या गावांत सत्तांतर बऱ्याच अंशी झालेलेच होते. कुंडल आणि टाँकिन यांच्यात संबंध नव्हता, पत्रव्यवहार नव्हता. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली: परकी सत्ता दिल्लीत किंवा हनोईत मरण्याआधी गावात मेली.

येथून वाटा फुटतात, आणि वारशाचा प्रश्न खरा येथे आहे.

फ्रेंच परत आले. सायगावचे दार हिंदी पलटणींनी त्यांना उघडून दिले होते. १९४६ अखेर युद्ध पेटले. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले. जीनिव्हात देश तात्पुरता दुभंगला, १९५६ च्या निवडणुका झाल्याच नाहीत, अमेरिका उतरली आणि ३० एप्रिल १९७५ उजाडला. गावसमितीला तीस वर्षे लढावे लागले. लढता लढता ती पक्षाची झाली, पक्ष सैन्याचा झाला आणि सैन्य राज्याचे. १९५३ ते १९५६ या काळात उत्तरेत जमीनवाटप झाले. त्यात जमीनदार म्हणून ज्यांना मारले गेले त्यांत मध्यम शेतकरी होते, लढ्यात राहिलेली माणसेही होती. १९५६ मध्ये पक्षाने चुका उघडपणे मान्य केल्या आणि सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले. मेलेली माणसे परत आली नाहीत. एकाच पक्षाचे राज्य आजही तेथे आहे, आणि लोकशाही समाजवादावर श्रद्धा असणाऱ्याने व्हिएतनामच्या विजयाला वंदन करताना हे दडविण्याचे कारण नाही. साम्राज्यशाहीने ज्या राष्ट्राला तीस वर्षे बंदूक खाली ठेवू दिली नाही, त्या राष्ट्राला मोकळ्या निवडणुकीची सवय का लागली नाही असे पॅरिसने किंवा वॉशिंग्टनने विचारणे हे मात्र निर्लज्जपणाचे आहे.

साताऱ्यात याच्या उलट झाले. १९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली, नाना पाटील प्रकट झाले. त्याआधी थोडेच दिवस, मुंबईतील नाविकांचे बंड मिटते न मिटते तोच, २५ फेब्रुवारीला मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी लढताना किसन अहिर आणि नानकसिंग मारले गेले होते. नानकसिंग हा आझाद हिंद सेनेचा पंजाबी जवान तुफान सेनेला शिकविण्यासाठी आला होता. साम्राज्याच्या फौजेतून बाहेर पडलेला माणूस वारणेच्या खोऱ्यात येऊन मेला. सुराबायाच्या कहाणीची ही दुसरी बाजू. पुढे सत्ता वरून आली आणि प्रतिसरकार विरून गेले. न्यायदान मंडळांचे काय करायचे हे कोणी विचारले नाही. कलेक्टर तोच राहिला, मामलेदार तोच राहिला, तलाठ्याची वही तीच राहिली. शाईसुद्धा बदलली नसावी. ज्यांनी कचेरी ओस पाडली होती त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून नाव लावून घेण्यासाठी त्याच कचेरीच्या ओट्यावर बसावे लागले.

आणि फेब्रुवारी १९४८. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जळाली. ज्या तालुक्यांनी गावचा न्याय गावात करून दाखविला होता त्याच तालुक्यांत शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटविले. नव्या सरकारचे पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वी असते तर आड आले असते असे गावचे मंडळ उरलेले नव्हते. ते असते तर आग थांबली असती असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण पत्री मारण्याच्या शिक्षेतही रागाचा अंश होताच. तळपायावर काठ्या मारण्याची ती शिक्षा. खिळे ठोकल्याच्या कथा शत्रूंनी पसरविल्या आणि मित्रांनी मिरविल्या. सावकाराचा राग जातीच्या रागात कधी मिसळला आणि कोणी मिसळू दिला, याची तपासणी या जिल्ह्याच्या पुरोगामी चळवळीने जेवढी करायला हवी होती तेवढी केलेली नाही. व्हिएतनामी पक्षाने १९५६ मध्ये निदान चूक हा शब्द उच्चारला.

एका गोष्टीत मात्र दोन्ही वारसे उजळ आहेत. हनोईच्या काही विद्वानांनी १९०७ मध्ये मोफत शाळा काढली. फ्रेंचांनी ती वर्षाच्या आत बंद केली, कारण साक्षर शेतकरी करवसुलीची वही वाचू लागतो. १९४५ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याच्या पहिल्याच आठवड्यात, हो चि मिन्ह यांच्या सरकारने साक्षरतेची मोहीम हाती घेतली. मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी घडविलेली रोमन लिपी क्रांतीने शेतकऱ्यांच्या हाती दिली. येथे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसविली. ही शाळा बंद पाडणे इंग्रजांना जमले नाही. प्रतिसरकारला गावोगाव वाचणारी, हिशेब लिहिणारी पोरे मिळाली त्यात या कामाचा वाटा होता.

१९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले. प्रतिसरकारची माणसे निरनिराळ्या वाटांनी गेली. कोणी मंत्री झाले, कोणी शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले आणि १९७६ मध्ये वारले. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा २०१२ मध्ये, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. काठचा ऊस हिरवा झाला आणि वरचे आटपाडी, खानापूर, जत, माण कोरडे राहिले. पूर्वी पाट्या वाहून नेणारा माणूस आता कोयता घेऊन जाऊ लागला एवढा फरक पडला.

म्हणून नागनाथअण्णांनी उतारवयात, १९९३ पासून, तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीच्या साह्याने स्वत:च्या श्रमाने बळीराजा धरण बांधले. नदीची वाळू सरकार ठेकेदाराला विकत होते, ती गावाने आपल्या धरणासाठी मागितली. पाण्याचा हिस्सा शेताच्या आकारावर ठरविण्याऐवजी माणसावर ठरवावा आणि भूमिहीनालाही तो मिळावा, असे तेथे ठरले. टेंभू योजनेचे पाणी आटपाडीकडे आले तेव्हा समन्यायी वाटपाची मागणी घेऊन त्याच भागातले शेतकरी पुन्हा परिषदांना बसले. पाणी कोणाला, किती आणि हे ठरविणार कोण: पाटबंधारे खात्याची कचेरी की लाभक्षेत्रातली गावे? तो दावा अजून सुरू आहे.